शांत स्वभाव, शिस्तप्रिय

रविवार, रात्री साडेअकरा

माया अँजेलो या अमेरिकन लेखिकेचं आत्मचरित्र 'आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज' आज संपलं. भाचीने दिवाळीत दिलं होतं. इंग्रजी वाचायची सवय नाही, त्यामुळे रोज चार-पाच पानं करत इतके दिवस लागले. पुस्तक १९६९ सालचं. त्यातलं बालपण त्याही आधीचं, १९३० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या स्टॅम्प्स गावातलं. आजीचं दुकान, पहाटे कापूस वेचायला निघालेले मजूर. हे सगळं आपल्यापासून फार लांबचं, असं सुरुवातीला वाटलं होतं.

माया आठ वर्षांची असताना सेंट लुईसला आईकडे राहत होती. तिथे आईच्या मित्राने तिच्यावर बलात्कार केला. कुणाला सांगितलंस तर तुझ्या भावाला मारून टाकीन, अशी धमकीही दिली. शेवटी तिने सांगितलं ते त्या भावालाच, बेलीला. पुढे कोर्टात वकिलाने विचारलं, याआधी त्याने कधी हात लावला होता का? घरचे आपल्याला काय म्हणतील या भीतीने ती 'नाही' म्हणाली. त्या माणसाला एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली, तो लगेच सुटला आणि थोड्याच वेळात कुणीतरी त्याला मारून टाकलं. पोरीने मनाशी हिशेब मांडला की आपल्या शब्दाने माणूस मेला. तिने बोलणंच सोडलं. जवळजवळ पाच वर्षं.

बलात्काराचं पान मी कसंबसं वाचलं. पण पुस्तक मिटून ठेवलं ते त्याच्या पुढे काही पानांवर. सुरुवातीला घरच्यांनी तिचं गप्प राहणं समजून घेतलं. डॉक्टरने बरी झाली म्हटल्यावर मात्र तेच मौन त्यांना आगाऊपणा, घुमेपणा वाटायला लागलं. त्यासाठी तिने मार खाल्ला.

मी मारलं नाही. मी कौतुक केलं.

एक मुलगी तिसरीच्या वर्गात होती माझ्या. जून-जुलैमध्ये दप्तर ठेवायच्या आधी टेबलापाशी यायची, "बाई, आज आमच्याकडे ना..." अशी सुरुवात करून घरी काय शिजलं इथपासून सगळं सांगायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती यायची थांबली. वेणीच्या लाल रिबिनीचं टोक तोंडात धरून बसायची. ते टोक कायम ओलं, चावून चावून दोरे सुटलेलं. ते मला दिसत होतं. "रिबीन चावू नये" असं मी तिला दोनदा सांगितलंही.

आज माळ्यावरून त्या वर्षीची नोंदींची कच्ची वही काढली. पहिल्या सत्रात लिहिलंय, 'फार बडबड करते.' दुसऱ्या सत्रात, 'शांत स्वभाव, शिस्तप्रिय.' अक्षर किती छान आहे माझं. चौथीत तिचा दाखला गेला.

तिच्या बाबतीत काही वाईट घडलंच होतं, असं मी म्हणू शकत नाही. आजी गेली असेल, घर बदललं असेल. पण मी विचारलंच नाही आणि ते गप्प होणं सुधारणा म्हणून लिहून टाकलं. पॉक्सो तेव्हा आलेला होता. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा कायदा, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर, मुलाला कोर्टात आरोपी दिसू द्यायचा नाही, वकिलाने थेट प्रश्न विचारायचे नाहीत, सगळं प्रशिक्षणात ऐकून मी हजेरीवर सही करून आले होते. कळवण्याची सक्ती माझ्यावरही आहे. पण कळवायला आधी कळावं लागतं. केंद्र सरकारने २००७ मध्ये १२,४४७ मुलांचा अभ्यास जाहीर केला होता. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सांगितलं. माझ्या हजेरीपटावर ३८ नावं आहेत. आज पहिल्यांदा ती नावं मी या आकड्याशेजारी ठेवून वाचली.

स्टॅम्प्समध्ये मिसेस फ्लॉवर्स नावाच्या एक बाई होत्या. त्यांनी त्या मुलीला घरी नेलं, बिस्किटं आणि लिंबू सरबत दिलं आणि एक कादंबरी मोठ्याने वाचून दाखवली. काय झालं ते खोदून विचारलं नाही. तूच बोल, असा धोशाही लावला नाही. घरी जाताना तिच्या हातात पुस्तकं दिली. हे पान मी तीनदा वाचलं.

या वर्षीच्या वर्गात खिडकीजवळचा एक मुलगा दोन आठवड्यांपासून "हजर बाई" म्हणत नाही, नुसता हात वर करतो. कामात आहे म्हणून मीही पुढचं नाव घेते. उद्या खिचडीच्या सुट्टीत माझा डबा घेऊन त्याच्या रांगेत बसणार आहे. कोल्ह्याच्या गोष्टीचं पुस्तक पिशवीत टाकलंय.