बाईंचं पुढे पळणारं घड्याळ

सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं जे गिऱ्हाईक येतं, त्याचं घड्याळ बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. रात्री वेळ लावताना चावी बाहेर ओढलेली असते, ती परत आत दाबायची राहून गेलेली असते. घड्याळ बंद, माणूस हवालदिल. मी भिंग डोळ्याला लावतो, उगाच एकदा घड्याळ कानाशी नेतो आणि अंगठ्याने चावी आत ढकलतो. सेकंदकाटा चालू लागतो. माणूस आधी खूश होतो, मग ओशाळतो. भिंग लावायची खरं तर काही गरज नसते. पण समोरच्याला फार वेडं वाटू नये म्हणून तेवढं नाटक करावं लागतं.

त्या दिवशी मात्र पहिले गृहस्थ वेगळी तक्रार घेऊन आले. "तारीख दुपारी बदलते हो. जेवायला बसलो की आज संपून उद्या सुरू होतो." ते गंभीर होते. तारखेचं चाक दर चोवीस तासांनी एकदाच पुढे सरकतं आणि डायलवर तर बाराच आकडे. यांनी काटे बारा तास चुकवून लावले होते, त्यामुळे घड्याळाच्या लेखी भर दुपारी मध्यरात्र होत होती. मी काटे पुढे फिरवले, बारा ओलांडून तारीख उलटू दिली आणि वेळ, तारीख दोन्ही नीट लावून दिली. जाताना एवढंच सांगितलं की रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान चावीने तारीख पळवू नका. त्या वेळात आतले दाते एकमेकांत अडकलेले असतात, जोर दिला तर तुटतात. आधी काटे सहावर आणायचे, मग तारीख. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. असं लिहून घेणारी माणसं मला आवडतात.

त्यांच्या पाठोपाठ एक मुलगी आली. "काटा लंगडतोय," म्हणाली. सेकंदकाटा दोन सेकंद थांबायचा आणि एकदम दोन घरं उडी मारायचा. हा आजार नव्हे, निरोप आहे: सेल संपत आला की काही घड्याळं अशी चाल धरतात. वेळ चुकत नाही, फक्त आपल्याला इशारा मिळतो. सेल बदलला, काटा सरळ चालू लागला, मुलगी गेली. सेलच्या घड्याळांवर माझा राग नाही. सेलवर चालणारं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ 25 डिसेंबर 1969 ला जपानमध्ये विक्रीला आलं आणि आमच्या धंद्याची अर्धी कळा बदलली, हे खरं. अशा घड्याळात आता सर्रास वापरात असलेला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, तोच सेकंदाचा ठोका. हिशेब सुरेख आहे. पण त्यात माझ्या हाताला काम नाही.

हाताला काम असतं ते चावीच्या घड्याळात. घड्याळ पूर्ण खोललेलं आहे, एकेक भाग धुऊन, पुसून, नेमक्या जागी तेलाचा जेमतेम थेंब ठेवून परत बसवत आणलेलं आहे आणि सर्वांत शेवटी बॅलन्स (घड्याळाची चाल ठरवणारं चाक) बसवायचा आहे. तो जागेवर उतरतो, चिमटा सुटतो, क्षणभर काहीच होत नाही आणि मग आपलं आपण ते चाक डोलायला लागतं. हे मी कितीदा पाहिलंय याचा हिशेब नाही, तरी दर वेळी मी हातातलं बाकी सगळं सोडून बघत बसतो. जुन्या चालीचं घड्याळ तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला 4,32,000. त्यातले पन्नास ठोके इकडेतिकडे झाले तर दिवसाला दहा सेकंदांचा फरक पडतो. लोक दहा सेकंदांसाठी माझ्याशी वाद घालतात. मी मनात म्हणतो, चार लाख बत्तीस हजारांत पन्नास! एवढ्या चुकीवर तुम्ही दिवस काढून दाखवा.

तर असाच बॅलन्सच्या त्या क्षणाकडे मी जात होतो आणि क्लिकची स्प्रिंग उडाली. चावी उलटी फिरू न देणारी जी खटकी असते तिची ही स्प्रिंग, बारीक तारेचा वाकवलेला तुकडा. ती उडते तेव्हा अगदी हलका 'टिंग' असा आवाज होतो आणि त्यानंतर दुकानात कोणी श्वासही घेत नाही. आमच्या धंद्यात हे सगळ्यांचंच होतं, अगदी नावाजलेल्या कारागिरांचंही. माझ्याकडे शिकायला येणारा पोरगा लगेच म्हणाला, "काका, लोहचुंबक आणू? फरशीवर फिरवला की आत्ता मिळेल."

"या दुकानात लोहचुंबक आणलास तर तुलाच बाहेर ठेवीन," मी म्हणालो. स्प्रिंग सापडेलही, पण ती स्वतःच चुंबक होऊन परत येईल आणि लोखंडाचा सगळा कीस अंगाला चिकटवून घड्याळात जाऊन बसेल. आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत होतो. तेवढ्यात काउंटरच्या पलीकडून आवाज आला, "काही हरवलंय का?"

त्या बाई होत्या. नाव सांगत नाही. पण शाळेत शिकवायच्या, हे त्यांनी न सांगताही कळलं असतं. मी उठून उभा राहिलो तर म्हणाल्या, "राहू दे, आधी शोधून घ्या. हातातलं काम अर्धं टाकू नये." त्यांनी पर्स बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि चक्क त्याही शोधायला लागल्या. स्प्रिंग शेवटी पोराच्या बाहीच्या दुमडीत सापडली. तीही बाईंनाच.

मग त्यांनी आपलं घड्याळ काढलं. छोटं, गोल, चावीचं, काचेवर बारीक चरे पडलेले. आता पळतंय, म्हणाल्या. दिवसाला वीस मिनिटं पुढे. आधी एकाकडे दाखवलं तर त्याने नवीन घ्या म्हणून सांगितलं. दुसऱ्याने खोलून साफ केलं, तेल दिलं. थोडे दिवस नीट चाललं आणि पुन्हा पळायला लागलं.

वीस मिनिटं म्हणजे फार. घड्याळ जुनं होतं, तेल सुकतं, मळ साचतो, तेव्हा ते सहसा रेंगाळतं, नाहीतर चालीत लहर येते. ठणठणीत दिसणारं घड्याळ एकाएकी इतकं पुढे धावायला लागलं की मला आधी एकच शंका येते. टायमिंग मशीनवर ठेवलं. त्याचा माइक घड्याळाचे ठोके ऐकतो आणि पडद्यावर रेघ काढतो. रेघ थेट वर निघाली, आकडा मशीनच्या मापाबाहेर. मग खणातलं साधं होकायंत्र काढून घड्याळाच्या काचेवर धरलं. सुई उत्तर सोडून डोलायला लागली.

"अंगात आलंय का त्याच्या?" बाईंनी विचारलं.

तसंच काहीसं, मी म्हणालो. बॅलन्सला एक केसाएवढी बारीक वेटोळी स्प्रिंग असते. ती ह्युजेन्स या डच शास्त्रज्ञाने 1675 मध्ये घड्याळात आणली. तोवर खिशातलं घड्याळ दिवसाला तासाभराचाही घोळ घालायचं. तिची वेटोळी एकमेकांना न शिवता उघडमीट करतात. घड्याळात चुंबकत्व शिरलं की ती एकमेकांना चिकटू पाहतात आणि दोन वेटोळी चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी तेवढी कमी होते. लांबी कमी, चाल जलद. वीस मिनिटांसाठी फार लागतही नाही. लांबीत तीन टक्क्यांहूनही कमी फरक पुरतो. बाईंनी भुवया उंचावल्या. एकेकाळी गणित शिकवलेलं असणार, कारण त्यांनी लगेच विचारलं, "वीस मिनिटं म्हणजे सुमारे दीड टक्का. मग लांबीत फरक दुप्पट का?" वर्गमुळाचं नातं आहे म्हटल्यावर त्यांची मान अशी हलली की मला दहापैकी दहा मिळाल्यासारखं वाटलं.

पण चुंबक आला कुठून? मी त्यांना दिवसभर काय काय करता ते सांगा म्हटलं. हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारतो आणि लोक आधी बिचकतात. बाई बिचकल्या नाहीत. पहाटे उठून घड्याळाला चावी देतात. थांबेपर्यंत फिरवायची, वर जोर द्यायचा नाही. मग पोहायला जातात. हे सांगताना जरा सावरून बसल्या. "निवृत्त झाल्यावर शिकायला लागले. अजून काठ सोडवत नाही, पण पाण्यात पाय सोडून बसलं तरी दिवस चांगला जातो." तिथून थेट वाचनालय. निघताना तिथल्या भिंतीवरच्या घड्याळाशी आपलं मिळवून घेतात, कारण घरात दुसरं घड्याळ नाही.

"पोहताना हे कुठे ठेवता?"

"कुठे म्हणजे? पर्समध्ये. सुनेने नवीन दिलीय, बाहेर छान कप्पा आहे." त्यांनी पर्स उचलून दाखवली, कप्पा उघडला आणि झाकण सोडलं. 'टक्' असा आवाज करून ते आपोआप बंद झालं.

पोराने माझ्याकडे बघितलं. मी जुना, टाकाऊ चिमटा घेऊन त्या बटणाजवळ नेला. तो जाऊन चिकटला. रोज सकाळी तासभर बाईंचं घड्याळ त्या चुंबकाच्या कुशीत झोपत होतं. साफसफाई करताना आधीच्या कारागिराने चुंबकत्वही काढलं असणार, म्हणून तर थोडे दिवस बरं चाललं. मग पुन्हा तीच पर्स, तोच कप्पा. घड्याळावर 'अँटिमॅग्नेटिक' लिहिलेलं असलं तरी त्यालाही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय मानक मीटरला 4,800 अँपिअर एवढ्या क्षेत्राचं आहे, आणि असं बटण अगदी चिकटून असेल तर ते सहज ओलांडतं. टॅबलेटची कव्हरं, स्पीकर, फोनच्या पाकिटाचं झाकण, सगळीकडे हेच. बरं एवढंच की चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. वीतभर लांब ठेवलं तरी पुरतं.

उपाय आजाराच्या मानाने फारच किरकोळ. तारेच्या वेटोळ्यात दिशा सतत उलटसुलट होणारा प्रवाह सोडायचा, घड्याळ त्यात धरायचं आणि बटण दाबून ठेवूनच हळूहळू हातभर लांब न्यायचं. बस. होकायंत्र पुन्हा धरलं, सुई ढिम्म हलली नाही. मशीनवर रेघ आडवी. इतक्या सोप्या कामाचे पैसे मागायला मला नेहमी संकोच वाटतो, म्हणून मी अशा वेळी घड्याळ संध्याकाळपर्यंत ठेवून घेतो. बघावं लागतं, असं सांगतो. ते खोटंही नाही. डायल वर, डायल खाली, चावी खाली अशा वेगवेगळ्या स्थितींत चाल थोडी बदलते, ती बघून घेतली. दिवसाला पाच-सहा सेकंद पुढे, एवढ्यावर आणून ठेवली. दुपार बाकी काही विशेष नव्हती: दोन पट्टे, एक काच.

संध्याकाळी बाई आल्या. पोराने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "एकदम बरोबर केलंय काकांनी." बाईंनी घड्याळ हातात घेतलं, कानाशी नेलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता पळणार नाही?"

"नाही."

"अजिबात?"

मला वाटलं, खात्री करून घेतायत. पण त्यांचा चेहरा काही फुलेना. मग हळूच सांगायला लागल्या. घड्याळ पुढे असल्यामुळे त्या वाचनालयात दार उघडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच पोचायच्या. पहिले दोन दिवस चिडचिड झाली. तिसऱ्या दिवशी पायऱ्यांवर एक मुलगा बसलेला दिसला, परीक्षेचा अभ्यास करणारा; त्याने एक गणित विचारलं. मग बागेतून फिरून येणारे एक आजोबा असायचे, ते दोघांना शब्दकोड्यातले शब्द विचारायचे. दार उघडणारी बाईही आता थोडी लवकर येऊन त्यांच्यात बसायला लागलीय. शिवाय आत गेल्यावर वर्तमानपत्र कोणीही न उघडलेलं, कडक घडीचं मिळतं, हा वेगळाच आनंद.

"मग लवकर निघा की तशाही," मी म्हणालो.

"ते जमत नाही हो. वेळेआधी निघणं हा माझा स्वभावच नाही. माहीत असलं की मी वेळेवरच जाणार. एवढी वर्षं घंटेला वर्गात शिरले, आता मुद्दाम लवकर कशी जाऊ?"

मी म्हटलं, काटे थोडे पुढे करून घ्या. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी गणिताच्या तासाला भूगोलाचं पुस्तक काढलंय. "मी केलं तर मला कळणार नाही का किती केलं ते? मग मी वजाबाकी करणार आणि वेळेवर पोचणार." थोडा विचार करून त्यांनी घड्याळ परत काउंटरवर ठेवलं. "तुम्ही करा. किती ते मला सांगू नका. रोज एवढं एवढं वाढत जायला नको, ठरलेलं तेवढंच पुढे राहू दे."

"पण वाचनालयातलं घड्याळ?"

"त्याच्याकडे आता बघायचंच नाही."

"आणि फोनवर दिसतं ते?"

"फोन मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा वाचनालयात पोचल्याशिवाय मी लावत नाही. या घड्याळाचे काटे कुठे असतात ते मला बिनचष्म्याचं कळतं."

मी त्यांच्याकडे पाठ केली, चावी ओढली, काटे फिरवले आणि चावी आत दाबली. पोरगा डोकावत होता, त्यालाही बघू दिलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. बाईंनी घड्याळ मनगटावर बांधलं, चुंबकाची पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि पोहायला जाताना घड्याळ आता बुटात ठेवीन, असं सांगून गेल्या.

किती मिनिटं पुढे केलंय ते इथेही लिहीत नाही. बाई वाचनालयात मिळेल ते सगळं वाचतात.