तुम्ही विचारलंत म्हणून: तो तुरुंगच ना?

सुट्टीत नाशिकला आले की कुणीतरी विचारतंच, "तू टेक्सासात, बॉर्डरजवळ असतेस ना? मेक्सिकोकडून शिरणाऱ्यांना कोंडतात ते पिंजरे म्हणजे तुरुंगच ना गं?" यंदा शेजारच्या काकूंनी विचारलं. "तसंच काहीसं" म्हणत मी वेळ मारून नेली. खरं सांगू काकू, तुरुंग असता तर बरं होतं. तुरुंगात निदान झोपायला जागा असते.

ही ठाणी बॉर्डर पेट्रोलची, म्हणजे अमेरिकेच्या सीमा पोलिसांची; मुळात काही तासांपुरती बांधलेली. नाव लिहायचं, बोटांचे ठसे घ्यायचे, पुढच्या मोठ्या केंद्रात पाठवायचं. बॉर्डर पेट्रोलचा स्वतःचाच नियम ७२ तासांचा. त्यामुळे खाटा नाहीत, सिमेंटचे बाक. दिवे रात्रंदिवस चालू. एसी इतका की लोक त्या खोल्यांना स्पॅनिशमध्ये 'येलेरा' म्हणतात, बर्फाची पेटी. पांघरायला चंदेरी कागद, आपण पोळ्या गुंडाळतो तसला. कूस बदलली की चुरचुरतो. तुम्ही टीव्हीवर पाहिलेले जाळीचे कप्पे टेक्सासातल्याच मॅकॅलन गावचे, २०१४ साली एका गोदामात केलेले.

पुढे जागा नसली की माणसं इथेच तुंबतात. मे २०१९ मध्ये टेक्सासातल्याच एल पासोत अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्याच तपासनिसांना १२५ जणांच्या जागेत ९०० माणसं सापडली. १२ जणांच्या एका कोठडीत ७६. श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून काही जण संडासाच्या भांड्यावर उभे होते.

त्याच वर्षी जूनमध्ये कोर्टात साबणावरून वाद झाला. मुलांना 'सुरक्षित आणि स्वच्छ' जागेत ठेवायचं, असा सरकारने १९९७ साली केलेला करार आहे. सरकारी वकील म्हणाल्या, करारात साबण, टूथब्रश असं काही लिहिलेलं नाही. समोरच्या तीन न्यायाधीशांपैकी एक होते ताशिमा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी कुटुंबांना छावण्यांत कोंडलं होतं, तेव्हा लहानगे ताशिमाही अ‍ॅरिझोनातल्या अशाच एका छावणीत होते. ऑगस्टमध्ये निकाल सरकारच्या विरोधात गेला. साबण म्हणजे स्वच्छता, हे सांगायला अपील कोर्ट लागलं!

मी ठाण्याच्या आत कधी गेलेली नाही. सुटलेली माणसं बसस्टँडजवळच्या एका हॉलमध्ये यायची, तिथे मी शनिवारी वरण-भात नाही, पण सूप वाढायचे. लांबूनच ओळखू यायची: पाय घासत चालायची. आत घेताना बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या असायच्या. आमच्याकडे नाड्यांचा एक खोकाच होता.

एकदा मला हिंदीसाठी हाक मारली. मेहसाण्याकडची बाई, सोबत पाचेक वर्षांचा मुलगा. सूप नको, फोन नको. मुलाच्या बुटात नाडी ओवता ओवता तिने विचारलं, "आज वार कोणता?"

"शनिवार."

अंगठ्याने बोटांची पेरं मोजत ती म्हणाली, "म्हणजे नऊ दिवस." आणि दुसरा बूट पुढे ओढला.