ट्रेकच्या नोंदणीपासून पावसाच्या निरोपापर्यंत: एन८एनवरील कामाची प्रगती

आमच्या पुण्यातील ट्रेकिंग गटाची नोंदणी, बसची यादी आणि पावसाचा अंदाज ही तिन्ही कामे एन८एनवर, म्हणजे वेगवेगळ्या ऑनलाइन सेवा एकमेकींना जोडून कामे आपोआप करून घेणाऱ्या साधनावर, आणण्याचा उद्योग मी हौसेखातर हाती घेतला होता आणि त्याचा दुसरा टप्पा आता रुळला आहे. पहिल्या टप्प्यात गूगल फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ पडत असे आणि तेवढाच निरोप टेलिग्रामवर जात असे. या टप्प्यात हवामानाची साखळी जोडली, बटण दाबून नाव मागे घेण्याची सोय केली आणि घरची वीज गेली तरी नोंद सुटू नये अशी तजवीज केली.

व्यासपीठाची निवड प्रामुख्याने मोजणीच्या पद्धतीवरून झाली. झॅपिअर या तशाच दुसऱ्या सेवेमध्ये यशस्वी झालेली प्रत्येक कृती एक टास्क म्हणून मोजली जाते आणि मोफत योजनेत महिन्याला १०० टास्क मिळतात; एका बसभर माणसांच्या नोंदणीतच ते संपायला आले असते. एन८एन स्वतःच्या संगणकावर चालवले तर अशी मोजणीच राहत नाही. यान ओबरहाउझर यांनी २०१९ मध्ये बर्लिनमधून सुरू केलेल्या या प्रकल्पाचा सोर्स कोड पाहता येतो, मात्र त्याचा परवाना रूढ अर्थाने मुक्त नाही. आपल्यासारख्या बिगरव्यावसायिक वापराला त्याची अडचण येत नाही. २००७ साली आलेले याहू पाइप्स हे वेबवरची माहिती जोडण्याचे साधन ज्यांनी वापरले असेल त्यांना २०१५ मध्ये ते बंद झाल्यावर आपापली सगळी जोडणी कशी गुंडाळावी लागली हेही आठवत असेल. माझी जोडणी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) राहावी, हा आग्रह त्यातूनच आला आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. पडद्यावर दोन चौकोन रेषेने जोडणे हे या कामातले सर्वांत सोपे काम आहे. त्या रेषेतून नेमके काय वाहत आहे हे ओळखणे अवघड, आणि खरे सांगायचे तर मौजेचेही. एन८एनमध्ये रेषेतून आयटमांची, म्हणजे माहितीच्या एकेका नोंदीची, यादी वाहते आणि पुढचा नोड, म्हणजे पुढचा चौकोन, बहुतेक वेळा प्रत्येक आयटमसाठी एकदा चालतो. हवामानाच्या साखळीत हा नियम पावलोपावली भेटला.

साखळी अशी आहे: दर गुरुवारी रात्री ८ वाजता शेड्यूल ट्रिगर (ठरल्या वेळी साखळी सुरू करणारा नोड) चालतो, शीटमधून येत्या शनिवार-रविवारचे ट्रेक वाचतो आणि प्रत्येक गडाचे अक्षांश-रेखांश घेऊन एचटीटीपी रिक्वेस्ट या वेबवरून माहिती मागवणाऱ्या नोडमार्फत ओपन-मेटिओ या हवामान-अंदाजाच्या सेवेकडे पावसाचा तासागणिक अंदाज मागतो. बिगरव्यावसायिक वापरासाठी तेथे किल्ली (ओळख पटवणारा सांकेतिक शब्द) लागत नाही. राजगड, रतनगड आणि हरिश्चंद्रगड असे तीन ट्रेक असतील तर तीन आयटम जातात आणि तीन उत्तरे येतात. प्रत्येक उत्तरात मात्र दोन स्वतंत्र याद्या असतात: एकीत वेळा, दुसरीत मिलिमीटरमधील पाऊस, आणि सात दिवसांच्या हिशेबाने प्रत्येकीत १६८ आकडे. पहिल्या यादीतील चाळिसाव्या वेळेचा पाऊस दुसऱ्या यादीत चाळिसाव्या जागी असतो. दोघांना बांधणारे दुसरे काही नसते. येथे स्प्लिट आउट हा नोड उपयोगी पडतो, कारण त्याला दोन्ही याद्यांची नावे स्वल्पविराम देऊन एकत्र सांगता येतात आणि तो जोडीजोडीने आयटम तयार करतो. तीन गडांचे मिळून ५०४ आयटम होतात. ते तसेच टेलिग्रामच्या नोडला जोडले तर तो इमानेइतबारे ५०४ निरोप पाठवू लागेल. एका गटात मिनिटाला २० निरोपांपलीकडे टेलिग्राम बॉटला (आपोआप निरोप पाठवणाऱ्या खात्याला) जाऊ देत नाही, त्यामुळे त्यातले बहुतेक त्रुटी घेऊन परत येतील. म्हणून मधे गाळणी लावून फक्त शनिवारचे आणि रविवारचे तास ठेवले आणि समराइझ नोडने गड व दिवस यांनुसार बेरीज केली.

या बेरजेआधी एक खाचखळगा आहे, त्याची स्वतंत्र नोंद करतो. एचटीटीपी रिक्वेस्ट नोडमधून बाहेर पडणाऱ्या आयटममध्ये केवळ आलेले उत्तर असते. आत गेलेले गडाचे नाव त्यात उरत नाही. अक्षांश-रेखांशांवरून नाव पुन्हा जुळवावे असे कोणालाही सहज सुचेल, परंतु ओपन-मेटिओ उत्तरात देते ते अक्षांश-रेखांश आपण मागितलेल्या जागेचे नसून हवामान-प्रारूप ज्या चौकटींत जमीन विभागते त्यांपैकी त्या जागेच्या चौकटीच्या केंद्राचे असतात. काही किलोमीटरचा फरक पडू शकतो आणि आकडे जुळत नाहीत. म्हणून मर्ज नोड घेऊन शीटमधील आयटम आणि उत्तरे क्रमाने जोडली: पहिल्यास पहिले, दुसऱ्यास दुसरे. मधे कोणताही नोड आयटम गाळत नाही तोवर ही जोडणी भरवशाची आहे, त्यामुळे गाळणी मर्जच्या नंतरच ठेवली आहे.

इशाऱ्याची रेषा भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीवरून घेतली. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस म्हणजे जोरदार आणि ११५.६ पासून पुढे अतिजोरदार. बेरीज पहिल्या रेषेपलीकडे गेली की केवळ ट्रेक लीडरना निरोप जातो. काही सदस्यांनी सुचवले की दुसरी रेषा ओलांडली तर ट्रेक आपोआप रद्द व्हावा आणि सर्वांना कळवले जावे. तांत्रिकदृष्ट्या तो अट तपासणाऱ्या एका इफ नोडचा प्रश्न आहे, तरी मी ते केलेले नाही आणि करणारही नाही. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर पाणी कसे उतरते हे किलोमीटरांच्या चौकटीला दिसत नाही; ते गावातल्या वाटाड्याला फोन लावून विचारायचे असते, आणि तो फोन लीडरनेच लावायचा आहे.

घड्याळांबद्दल थोडक्यात. स्वतःच्या संगणकावर बसवलेल्या एन८एनचे मूळ घड्याळ न्यूयॉर्कचे असते, त्यामुळे ते न बदलल्यास पावसाळ्यात गुरुवारी रात्री ८ चा निरोप आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला येईल. ओपन-मेटिओचे मूळ घड्याळ ग्रिनिचचे असते आणि गूगल शीटला स्वतःची वेगळी सेटिंग असते. तिन्ही ठिकाणी कोलकात्याचा वेळविभाग लिहिल्याशिवाय शनिवार म्हणजे कोणता शनिवार, यावर एकमत होत नाही.

बटणांच्या कामात देवनागरीची एक गंमत निघाली. टेलिग्रामच्या बटणावर दिसणारा मजकूर वेगळा आणि ते दाबल्यावर बॉटकडे परत येणारा मजकूर वेगळा असतो. या दुसऱ्याला ६४ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये आपल्या लिपीतील प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा आणि हलन्तासह, तीन बाइट लागतात. ‘हरिश्चंद्रगड’ या एका नावाचेच ३६ बाइट होतात आणि ‘हरिश्चंद्रगड नाव रद्द करा’ हे मधल्या जागा धरून ६९ वर जाते, म्हणजे बटण तयारच होत नाही. ‘राजगड नाव रद्द करा’ मात्र ४८ बाइटांत बसते, त्यामुळे केवळ राजगडावर चाचणी घेणाऱ्याला सर्व आलबेल वाटेल. आता परत येणाऱ्या मजकुरात कृतीचे एक अक्षर आणि शीटमधील नोंदीचा क्रमांक एवढेच ठेवले आहे. गडाचे पूर्ण नाव बटणावर दिसते ते दिसतेच. याशिवाय एका बॉटला एका वेळी एकच वेबहुक (निरोप स्वीकारणारा वेब-पत्ता) ठेवता येत असल्यामुळे चाचणीसाठी वेगळा बॉट काढला आहे, नाहीतर संपादकात चाचणी सुरू केली की चालू वर्कफ्लोकडे (नोडांच्या साखळीकडे) येणारे निरोप तिकडे वळतात.

वीज जाण्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. टेलिग्राम न पोहोचलेले निरोप २४ तासांपर्यंत राखून ठेवते, त्यामुळे ती बाजू सुरक्षित आहे. फॉर्म भरताच ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे गूगल शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम, माझ्या वेबहुकला जो निरोप धाडते तो मात्र तेव्हा पोहोचला नाही तर वाऱ्यावर जातो. म्हणून रोज रात्री एक दुसरा वर्कफ्लो संपूर्ण शीट वाचतो आणि ‘प्रक्रिया झाली’ हा रकाना रिकामा असलेल्या ओळी उचलतो. दोन्ही वाटा एकाच उपवर्कफ्लोत जातात आणि तो आधी हा रकाना तपासतो. त्यामुळे तीच ओळ दोनदा आली तरी बसच्या यादीत माणूस एकदाच चढतो. शीटसाठी सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचे गूगल खाते) वापरले आहे, कारण गूगलकडे ॲप ‘टेस्टिंग’ अवस्थेत ठेवले की ओऑथचे रिफ्रेश टोकन, म्हणजे एकदा दिलेली परवानगी टिकवणारी खूण, सात दिवसांनी संपते आणि दर आठवड्याला पुन्हा परवानगी देत बसावे लागते.

पुढील टप्पा प्रतीक्षायादीचा आहे. दोघांनी एकाच क्षणी नाव मागे घेतले तर वर्कफ्लोची दोन एक्झिक्युशन (दोन स्वतंत्र फेऱ्या) समांतर धावतात, दोन्ही प्रतीक्षायादीतील तोच पहिला माणूस वाचतात आणि दुसरी रिकामी जागा तशीच राहते. एका वेळी एकच एक्झिक्युशन चालेल अशी मर्यादा एन८एनला घालता येते, पण ती सर्व वर्कफ्लोंना लागू होते आणि मग हवामानाच्या कामामागे नोंदणी ताटकळते. त्यामुळे बटण दाबल्यावर शीटमध्ये केवळ विनंतीची ओळ लिहायची आणि दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या वेगळ्या वर्कफ्लोने त्या विनंत्या क्रमाने एकेक करून निकाली काढायच्या, असा आराखडा तयार केला आहे. त्याची चाचणी दुसऱ्या बॉटवर सुरू आहे.