सरांना फोन करण्याआधीच्या पायऱ्या

ब्रिटनमध्ये पदवीनंतरच्या ट्रेनिंगसाठी डॉक्टरांना एक परीक्षा द्यावी लागते, तिची मी तयारी करतेय. तिच्यात येतो तसा एक प्रश्न बघा. तुम्ही ब्रिटनमधल्या एका हॉस्पिटलात एफ-टू आहात, म्हणजे डिग्रीनंतरच्या दुसऱ्या वर्षाला. तुमच्याच टीममधला एक ज्युनिअर हल्ली हँडओव्हरला (शिफ्ट बदलताना पेशंट सोपवतात तेव्हा) सतत उशिरा येतोय. आज सिस्टरनी सांगितलं की काल त्याने एका पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट बघितलाच नव्हता. तो तुम्ही आता बघितलाय, पेशंट ठीक आहे. पुढे काय? त्याच्याशी एकट्यात बोलायचं, कन्सल्टंटच्या (टीमच्या प्रमुख डॉक्टरांच्या) कानावर घालायचं, बाकीच्यांना विचारायचं की तुम्हालाही असं दिसलंय का, सिस्टरना म्हणायचं की तुम्हीच लेखी द्या, की काही न बोलता त्याची राहिलेली कामं आपणच उरकायची? पाचही पर्याय योग्यतेच्या क्रमाने लावायचे. हातात पुरती दोन मिनिटंही नाहीत.

हा प्रश्न मी रचलेला आहे. तो आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला, तर बऱ्याच जणांनी ‘कामं उरकून टाक, विषय संपव’ हे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं. मित्र आहे ना, अडचणीत कशाला आणायचा. उरलेल्यांनी थेट कन्सल्टंट गाठला. त्या ज्युनिअरशी आधी बोलावं हे फारच थोड्यांना सुचलं. माझा क्रम असा: आधी त्याच्याशी बोलणं, मग कन्सल्टंट, मग बाकीच्यांना विचारणं (हे कुजबुजीकडे झुकतं), मग सिस्टरच्या गळ्यात घालणं, आणि गुपचूप कामं उरकणं सगळ्यात शेवटी. कारण आपण झाकत राहिलो की त्याला मदत मिळत नाही आणि पुढचा रिपोर्ट कोणीच बघत नाही.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकडे बऱ्याच स्पेशालिटींच्या ट्रेनिंगला अर्ज केला की एमएसआरए नावाची कॉम्प्युटरवरची परीक्षा द्यावी लागते. तिचे दोन पेपर. क्लिनिकलमध्ये ७५ मिनिटांत ९७ प्रश्न. दुसरा प्रोफेशनल डायलेमाज, ९५ मिनिटांत ५० प्रसंग. हाच सिच्युएशनल जजमेंटचा पेपर, म्हणजे दिलेल्या प्रसंगात तुम्ही कसं वागाल याचा. काही प्रश्नांत पर्यायांचा क्रम लावायचा, काहींत आठातले तीन निवडायचे. चुकीला मायनस मार्क नाहीत आणि क्रम तज्ज्ञांच्या क्रमाच्या जितका जवळ तितके मार्क. जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि कोअर सायकिअॅट्रीला मुलाखतच नाही, या दोन पेपरांच्या स्कोअरवरच यादी लागते. तिथल्या नव्या पदवीधरांना फाउंडेशनची (डिग्रीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांची) जागा देतानाही २०१३ पासून असाच एक पेपर घेत असत. २०२४ च्या बॅचपासून तो काढला. एमएसआरएमधला मात्र आहे तिथेच आहे.

तरी आमच्यातली बहुतेक मंडळी सगळा जीव क्लिनिकल पेपरवर ओततात. दुसरा म्हणे कॉमन सेन्सचा. कॉमन सेन्स असतो, पण तो ज्या वॉर्डात आपण घडलो त्या वॉर्डाचा असतो. खरी अडचण तिथेच आहे.

आपल्या वॉर्डात गोष्टी दोनच प्रकारांनी हलतात. एक तर कोणी काहीच बोलत नाही. किंवा मग एके दिवशी सगळं एकदम एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) केबिनमध्ये फुटतं आणि तिथून बाहेर पडणारा प्रत्येक जण पुढचे सहा महिने कोण कोणाच्या बाजूने होतं हे मोजत बसतो. मधलं काही नाही. इंटर्नशिपमध्ये, पेडियाट्रिक्सच्या पोस्टिंगला, एका लहान मुलाचा जेंटामायसिनचा डोस मला वजनाच्या मानाने जास्त वाटला. ऑर्डर सिनिअरची. मी सिस्टरकडे बघितलं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘डॉक्टर, डोस चुकलाय असं म्हणू नका. म्हणा, सर, एकदा केस पेपर बघता का, वजन नीट वाचता येत नाहीये.’ मी तसंच म्हणाले. सरांनी बघितलं, डोस खोडून नवा लिहिला आणि जाता जाता मला म्हणाले, ‘अक्षर वाचायला शिक.’ मुलाला बरोबर डोस मिळाला, सरांचा मान राहिला. आमच्याकडची सगळी पेशंट सेफ्टी अशी सिस्टरांच्या वाक्यरचनेवर चालते. ही कला मला फार आवडते, आणि या पेपरात तिला शून्य किंमत आहे. तिथे पर्याय असतो: ‘रजिस्ट्रारला (कन्सल्टंटच्या हाताखालच्या वरिष्ठ डॉक्टरला) सांगा की डोस जास्त वाटतो आणि पुन्हा तपासायला सांगा.’ बस. वाचताना घशाशी काहीतरी अडकतं. उत्तर मात्र तेच.

म्हणजे हा पेपर तुम्हाला धाडस विचारत नाही. उलट, फार धाडसी पर्याय बहुतेकदा खालीच जातात: थेट जीएमसीला (तिथल्या डॉक्टरांच्या नियामक संस्थेला) कळवणं, सगळ्यांसमोर जाब विचारणं, अंगावर धावून जाणं. त्याला हवी असते लवकर, छोट्या आवाजात, योग्य माणसाशी केलेली सरळ गोष्ट. पेशंटला आत्ता धोका असेल तर मात्र सगळ्या पायऱ्या सोडून वर जायचं. दारूचा वास येणारा सहकारी वॉर्डात उभा असेल तर ‘आधी एकट्यात बोलू, नंतर बघू’ चालत नाही. त्याला तिथून हलवायचं आणि त्याच वेळी वरिष्ठांना कळवायचं. बोलायचं की सांगायचं या घोळात अडकण्याआधी पेशंट या क्षणी सुरक्षित आहे का, हे ठरवून घ्यायचं.

आमची २०१९ ची बॅच, नव्या अभ्यासक्रमाची पहिली. आम्हाला एटकॉम नावाचा विषय होता: वर्तन, नीतिमत्ता, संवाद. त्या तासांना आम्ही जर्नल पूर्ण करत असू. आता तीच पानं काढून वाचतेय आणि त्यात बरंच काही चांगलं होतं हे बघून हसू येतं.

सगळ्यात जास्त मार्क मी सुरुवातीला नातेवाईकांच्या प्रश्नांत घालवत होते. ठाण्यात ज्या नर्सिंग होममध्ये मी रात्रीची आरएमओ (ड्यूटी डॉक्टर) आहे तिथे ओपीडीच्या दारातच मुलगा गाठतो, ‘मॅडम, बाबांसमोर कॅन्सर म्हणू नका हं.’ बाबा आत खुर्चीवर बसून सगळं ओळखून असतात. आपण मान डोलावतो, कारण बिल तो मुलगा भरणार असतो, रात्रभर बाहेरच्या बाकावर तोच बसणार असतो, आणि वाईट बातमी बाबांना कशी पचेल हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तिकडच्या पेपरात हा मुलगा प्रेमळ असतो, पण त्याचा शब्द चालत नाही. पेशंटला समजण्याची आणि ठरवण्याची क्षमता असेल तर काय सांगायचं हे पेशंटलाच विचारायचं. मुलाचं ऐकून घ्यायचं, त्याला कसली भीती वाटते ते विचारायचं, पण वडलांपासून लपवायचं वचन द्यायचं नाही. आणि वडलांनीच म्हटलं की मला तपशील नको, मुलाशी बोला, तर तेही त्यांच्या मर्जीने.

गंमत म्हणजे कागदावर आपलाही कायदा फार वेगळा नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट म्हटलं की पेशंट सज्ञान आणि स्वतः ठरवायला सक्षम असेल तर तिच्या आईची संमती तिच्या संमतीच्या जागी चालणार नाही. बाई तपासणीसाठी भूल दिलेल्या अवस्थेत होती, बाहेर बसलेल्या आईने हो म्हटलं आणि डॉक्टरांनी गर्भाशय काढलं होतं. तो निकाल आम्ही फॉरेन्सिकच्या व्हायव्हासाठी पाठ केला होता. ओपीडीच्या दारात तो कोणाला आठवतो?

जिथे कायदे खरोखर उलट दिशेला जातात ती जागा वेगळी. पंधरा वर्षांची मुलगी एकटी येते, गर्भनिरोधक गोळ्या मागते, आईला सांगू नका म्हणते. ठाण्यात माझ्यासमोर हे घडलं आणि त्यातून शरीरसंबंधांची गोष्ट कळली, तर पॉक्सो, २०१२, कलम १९: पोलिसांना कळवणं बंधनकारक, अठराच्या आतली प्रत्येक केस. हे आमच्या हाडात भिनलंय. तिकडे १९८५ च्या गिलिक निकालापासून सोळाच्या आतली मुलगी सगळं नीट समजू शकत असेल तर तिला पालकांच्या संमतीशिवाय उपचार देता येतात. पालकांना सांग म्हणून तिचं मन वळवायचा प्रयत्न करायचा, जोडीदाराचं वय, जबरदस्ती, शोषण याची चौकशी करायची, आणि धोका दिसला नाही तर गोपनीयता पाळायची. तेराच्या आतली असेल तर मात्र माहिती पुढे द्यायची. हे दोन कप्पे डोक्यात वेगळे ठेवणं मला अवघड गेलं. आता प्रश्न उघडला की आधी मनात ‘मँचेस्टर’ म्हणते, मगच वाचते. प्लॅब-टूसाठी (परदेशी डॉक्टरांना तिकडे नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा) तिथे जाऊन आले होते, त्यामुळे निदान तिथला पाऊस तरी ओळखीचा आहे.

अभ्यास कसा करतेय हे बरेच जण विचारतात. जीएमसीची गुड मेडिकल प्रॅक्टिस, जानेवारी २०२४ पासून लागू झालेली आवृत्ती, ती आधी. फुकट आहे, लहान आहे, आणि इंग्रजी इतकं साधं की नाइट ड्यूटीत पहाटे चारलाही डोक्यात शिरतं. मग त्यांचीच गोपनीयता आणि संमतीवरची पत्रकं. मग परीक्षेच्या वेबसाइटवरचे नमुना प्रश्न, स्पष्टीकरणासकट. विकतच्या प्रश्नसंचांवर माझा फार विश्वास नाही. एकाच तऱ्हेच्या प्रसंगाला दोन संच दोन क्रम देतात आणि दोघंही तितक्याच ठामपणे. ते वेळेच्या सरावाला ठीक. क्रम पटला नाही तर जीएमसीचं पान उघडायचं, संचाशी वाद घालत बसायचं नाही.

दोन गोष्टी मात्र सरावानेच आल्या. प्रसंगात नसलेलं काही मनाने घालायचं नाही: ‘पण कन्सल्टंट ऑपरेशनमध्ये असतील तर?’ लिहिलेलं नाही, म्हणजे नाहीत. आणि आठातले तीन निवडताना तीन सगळ्यात छान वाक्यं शोधायची नाहीत. तिन्ही मिळून काम पूर्ण झालं पाहिजे: पेशंट बघितला, वरिष्ठाला कळवलं, नोंद केली. तीनही पर्याय सहानुभूतीचेच निवडले तर पेशंटला कोणी हातच लावलेला नसतो.

अभ्यास बहुतेक नौपाड्यातल्या घरी, ओट्याशेजारच्या टेबलावर. घोडबंदर रोडवरून ड्यूटी संपवून मेट्रोच्या कामातून घरी पोचेपर्यंत अभ्यासिकेत जायचं त्राण उरत नाही. आई भाजी निवडत असते, तिला मी प्रसंग मोठ्याने वाचून दाखवते. ती बँकेत कॅशियर होती. पहिला ज्युनिअरचा प्रश्न तिने ऐकला आणि क्षणात म्हणाली, ‘अगं, कॅश जुळली नाही तर आधी शेजारच्या काउंटरवालीबरोबर परत मोजतात. लगेच कोणी मॅनेजरकडे धावत नाही. पण पाच वाजेपर्यंत जुळली नाही तर लपवून घरी पण जात नाही.’ मला इतकं नेमकं कोणत्याही व्हिडिओत मिळालं नव्हतं. गोपनीयतेच्या प्रश्नांत मात्र आईला भोपळा. ‘मुलीला नाही सांगायचं तर काय शेजाऱ्यांना सांगायचं?’ म्हणून ती माझ्यावरच चिडते. तिच्या तोंडून ते इतकं रास्त वाटतं की जीएमसीची बाजू मांडताना मला घाम फुटतो.

या सगळ्याचा फायदा किती, माहीत नाही. तिकडे जागांपेक्षा अर्ज कैक पटींनी वाढलेत, आणि जुलै २०२५ च्या त्यांच्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात तिथल्याच पदवीधरांना प्राधान्य द्यायचं म्हटलंय. तेव्हा डोळे उघडे ठेवून पैसे भरा. शिवाय अर्जाला क्रेस्टचा फॉर्म लागतो (स्पेशालिटी ट्रेनिंगला तयार असल्याचा दाखला), आणि त्यावर सही आमच्या नर्सिंग होममधल्याच सरांची. शंका आली तर ही मुलगी वरिष्ठांना बोलून दाखवते, अशा अर्थाच्या मजकुराखाली ते सही करणार. अक्षर वाचता येत नाही असं मी त्यांना अजून एकदाही म्हटलेलं नाही, थेटच बोलते. बघू.

ऐरोलीची मैत्रीण माझ्यासोबतच परीक्षेला बसणार आहे. फोनवर आमचं एका प्रश्नावर अडलंय. पहाटे तीन, पेशंटचं बीपी पडतंय, फ्लुइड सुरू केलंय, रजिस्ट्रारने ऑपरेशन थिएटरमध्ये अडकल्याचं कळवलंय. मी कन्सल्टंटला घरी फोन करणं पहिलं ठेवते, क्रिटिकल केअर आउटरीच टीमला (वॉर्डात येऊन गंभीर पेशंट बघणाऱ्या टीमला) बोलावणं दुसरं. ती उलट. तिचं म्हणणं, टीम बिल्डिंगमध्येच आहे, पाच मिनिटांत येते, कन्सल्टंट फोनवरून काय हात लावणार? मला शंका अशी आहे की सरांना रात्री तीनला उठवायची भीती तिच्या उत्तरात लपलीय. तिला शंका अशी आहे की ती भीती मोडण्याच्या हौसेपायी मी पेशंटला विसरतेय. तुमचा क्रम कारणासकट खाली लिहा. तज्ज्ञ कोणी वाचत असतील तर आधी तुम्ही.