फुकटाचे 1500 रुपये

"फॉर्म फुकटच आहे हो ताई, पण भरायला मला बसावं लागतं ना!"

नाशिकच्या रविवार कारंजाजवळचा झेरॉक्सवाला. मावशीच्या नागलीच्या पापडांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करायची होती, त्याने 1500 सांगितले. मी बाणेदारपणे मावशीला उठवलं. 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी विनाशुल्क आहे, एक कागद अपलोड करावा लागत नाही. घरी मोबाइलवर करू, त्यात काय!

घरी ओटीपी येईना. मावशीच्या आधारला नंबर जोडलाय तिच्या मुलाचा. तो पुण्यात, मीटिंगमध्ये. दोन चहा झाले.

मग आला एनआयसी कोड, म्हणजे व्यवसाय कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा. उत्पादन की सेवा? त्याखाली कुठला गट, कुठला उपगट? मी यादी वरखाली करत बसले. मावशीने चष्मा पुसला आणि म्हणाली, "अगं, मी पापड लाटते, एवढंच लिही ना."

एवढंच लिहायला त्या फॉर्ममध्ये जागा नाही.

तसं बरंच सोपं झालंय, नाही असं नाही. आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याने मोजकेच कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची नोंदणी लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना पुरते. पण खाद्यपदार्थ म्हटले की अन्न नोंदणी वेगळी. वेगळं पोर्टल, वेगळा पासवर्ड. मावशीचे पासवर्ड आता माझ्या डायरीत आहेत, तिला एकही पाठ नाही.

प्रमाणपत्र शेवटी आलं. प्रिंट काढायला त्याच झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो नुसता हसला.

तुमच्यापैकी कुणी हे सगळं एकट्याने, एका बैठकीत केलंय का?