एका घरातली चार पोटं

आमच्या घरात सकाळी पेपर उघडायच्या आत दोन चौकश्या होतात. पहिली सासूबाईंची, "आज झालं का गं हिला?" दुसरी माझी, "आई, तुम्हाला झालं का?" काय झालं, हे कुणी विचारत नाही. 'ही' म्हणजे माझी सात महिन्यांची नात, आणि सासूबाईंना ८३ वं चालू आहे. मधल्या दोघींना, म्हणजे मला आणि लेकीला, कुणी काही विचारत नाही. आमचं सगळं सुरळीत आहे असं गृहीत धरलेलं असतं. (घरातल्या पुरुषांची पोटं मी या हिशेबात धरलेली नाहीत. त्यांच्या पोटांची खबर सगळ्या सोसायटीला असते.)

सासूबाईंचं लंगोट-निरीक्षण हा बघण्यासारखा प्रकार आहे. डायपरला त्या अजूनही लंगोटच म्हणतात. कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा, लंगोट खिडकीपाशी उजेडात न्यायचा आणि तिथूनच निकाल जाहीर करायचा. पहिले सहा महिने निकाल एकच होता. "पिवळीधम्मक! मोहरी फेसल्यासारखी. छान." मग उष्टावण झालं. मामाने, म्हणजे माझ्या मुलाने, चांदीच्या वाटीतली खीर भाचीच्या जिभेला लावली. तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि निम्मी खीर मामाच्या शर्टावर काढली. पुढे पेज सुरू झाली, गाजर सुरू झालं, आणि दोन आठवड्यांत खिडकीपाशी नाकाला पदर लागला. "आली बाई माणसात!"

सासूबाईंना सूक्ष्मजीवशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही. तरी त्यांचं निदान अगदी बरोबर होतं.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात जिवाणूंच्या एका घराण्याचं राज्य असतं, बायफिडोबॅक्टेरियम त्याचं नाव. १९०० च्या आसपास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए या डॉक्टरांना तान्ह्या बाळांच्या शीमध्ये हे जिवाणू दिसले. बेचकीसारखे, टोकाला दुभंगलेले, म्हणून हे नाव. यांचं आणि आईच्या दुधाचं जे गूळपीठ आहे, ते वाचून मी हातातलं काम टाकून बसले होते. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल जे सगळ्यात जास्त असतं, ती एक प्रकारची साखर. आणि ती बाळाला पचतच नाही! पचवायला लागणारी पाचक द्रव्यं त्याच्याकडे नसतातच. ती साखर असते या बेचकीवाल्यांसाठी. म्हणजे रात्री तीन वाजता डोळे मिटत मिटत माझी लेक पाजायला बसते, तेव्हा पंगतीला एकटं बाळ नसतं. पिणारा एक, जेवणारे असंख्य.

मुळात हे विरजणासारखंच आहे. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजण कुणीतरी लावावं लागतं. जन्माच्या वाटेवर बाळाला ते आईकडून लागतं. आमच्या लेकीचं सिझेरियन झालं. अशा बाळांना आधी भेटतात ते बरेचसे कातडीवरचे जिवाणू, आणि पुढे हळूहळू फरक भरून येतो. ही भानगड मी सासूबाईंना सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी बाळगुटीची सहाण पुन्हा बाहेर काढली असती. डॉक्टरांनी सहा महिने दुधाशिवाय काहीही नको म्हटल्यावर ती मोठ्या मुश्किलीने माळ्यावर गेली आहे.

उष्टावणानंतर भात-भाजीतले तंतू खाणाऱ्यांची वर्दळ सुरू होते आणि साधारण तीन वर्षांचं होईतो मुलाच्या पोटातली वस्ती मोठ्यांसारखी दिसायला लागते. मग बरीच वर्षं त्या आघाडीवर फारसं काही घडत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण ३८ लाख कोटी जिवाणू असावेत, असा २०१६ चा एक अंदाज आहे. या सगळ्यांचं मिळून वजन सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे डेअरीतला दह्याचा एक लहान डबा.

आमच्या पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१२ साली या विषयावर एक काम प्रसिद्ध केलं. त्यांनी दोन कुटुंबं घेतली, प्रत्येकी तीन पिढ्यांची, एका छपराखाली राहणारी. छप्पर एकच, तरीही पिढीगणिक पोटातल्या जिवाणूंच्या मोठ्या घराण्यांचं आपसातलं प्रमाण बदललेलं दिसलं. आता दोन घरं म्हणजे माणसं सहा, तेवढ्यावरून साऱ्या देशाच्या पोटात शिरू नये. पण एकत्र कुटुंबाचा असा उपयोग कुणाला सुचला, याचंच मला कौतुक वाटलं. (आजोबांपुढे नमुन्याची डबी ठेवून विषय कसा काढला असेल?) यातल्या काही जिवाणूंना हवेतला प्राणवायू सोसत नाही, म्हणून ते हवा काढलेल्या नळ्यांमध्ये वाढवावे लागतात. आपण हवापालटाला महाबळेश्वरला जातो, यांना हवाच मानवत नाही.

सासूबाईंच्या ताटाकडे मी लक्ष द्यायला लागले ती हे वाचल्यानंतर. ताट कसं आकसत जातं ते रोज वाढणाऱ्यालाही चटकन कळत नाही. दाढा गेल्या तेव्हा आधी भाकरीचा पापुद्रा सुटला. मग मोडाची मटकी, मग गवार, मग पेरू. कवळी आली, पण ती बहुतेक वेळ पेल्यातच असते. उरला मऊ भात, मेतकूट आणि तूप. त्यांना मऊ भात मानवतो हे खरं, पण त्यात आतल्या जिवाणूंच्या वाट्याला काय? भाकरी, डाळी-उसळी, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो त्यांचं अन्न. त्याच्यापासून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्याच्यावर जगतात. लोणी खवट झालं की जो वास येतो, तोही याच आम्लाचा. हे नावही लोण्याच्या लॅटिन नावावरून पडलं आहे. आयर्लंडमधल्या १७८ वृद्धांच्या पाहणीत शुश्रूषागृहात कायमचे राहणारे आणि आपापल्या घरी राहणारे यांच्या पोटातली वस्ती वेगवेगळी निघाली. शुश्रूषागृहातल्यांची विविधता कमी होती, आणि ती त्यांच्या आहाराशी जुळत होती.

मग मी नाचणीचं सत्त्व, शिजवून घोटलेली मटकी, किसलेला पेरू असे उद्योग सुरू केले. सासूबाईंनी ताटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हे माझं आहे की हिचं?" नातीच्या वाटीतही तेच होतं.

ताक मात्र त्यांनी कधीच सोडलेलं नाही. ताकाच्या बाजूने पाश्चर संस्थेतल्याच मेचनिकॉफ यांची साक्ष काढता येईल. १९०८ चं नोबेल मिळवणारा हा माणूस. म्हातारपण पोटातल्या सडण्यातून येतं आणि आंबट दुधाने ते लांबवता येतं, असं त्याचं म्हणणं होतं. बल्गेरियातले दीर्घायुषी शेतकरी हा त्याचा दाखला. स्वतः तो नेमाने आंबवलेलं दूध प्यायचा, आणि १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी गेला. दह्यातले जिवाणू बहुधा पोटात मुक्काम करत नाहीत, नुसते येऊन जातात, हे नंतर कळलं. हे मी सासूबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाहुणे राहत नाहीत म्हणून त्यांना बोलवायचं नाही का?"

रात्री विरजण त्याच लावतात. करंगळी दुधात बुडवून ऊब बघतात. परवा नात कडेवर होती, तिने ती करंगळी पकडून तोंडात घातली. लेक ओरडली, "आजी, हात धुतलायस का?" आजीला नेमकं तेव्हाच ऐकू आलं नाही.

आज सकाळी पेपर आला. "झालं का गं हिला?" "झालं." "आई, तुम्हाला?" त्यांनी पेपरची घडी मोडली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"माझं राहू दे. तुला ५६ लागलं ना? तुझं काय?"