यंदा हेळव्यांना नीट ऐकायचं

आज दिवसभर वंशावळ कशी शोधायची याचे युट्यूबवरचे फुकटचे व्हिडिओ बघितले. एक गोष्ट फार पटली: सुरुवात स्वतःपासून करायची, एकेक पिढी मागे जायचं आणि प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं हे लिहायचं. पुरावा नसेल तर नाव पेन्सिलीनंच.

व्हिडिओ परदेशातले, त्यांत चर्चच्या नोंदी आणि जनगणनेचे कागद. आपल्या बेळगाव-खानापूरकडे वाट वेगळी. १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. म्हणून पणजोबांचा कागद मोडी लिपीत आणि आजचा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. मोडीचे धडेही युट्यूबवर आहेत, उद्यापासून तेच.

पण आपला खरा ठेवा म्हणजे हेळवी. दारात येऊन पिढ्यांची नावं सांगणारे, वहीत नवा जन्म लिहून घेणारे! आणि आपण पसाभर धान्य घालून त्यांना वाटेला लावतो.

संध्याकाळी आत्तीला फोन केला. पुरुषांची नावं तिनं धडाधड सांगितली, पणजीचं माहेर मात्र कुणालाच ठाऊक नाही. ते मला शोधायचंच आहे.

तुमच्या गावात हेळवी अजून येतात का? कधी येतात, जरूर कळवा.